दिवाणावरचं ऊन

एप्रिल अर्धा सरत नाही तोच आमच्या वरठीच्या घराची पश्चिमेकडची भिंत हात लावू देत नाही. दुपारी तीननंतर तिला टेकून बसलं तर पाठ भाजते. काल मी पडद्याच्या कड्या अडकवायला स्टुलावर चढले होते. सरकत्या खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या चौकटीला दंड लागला आणि असा चटका बसला, की मी खिडकीला एक सणसणीत शिवी हासडली. आतून यांचा आवाज आला, "झालं का सुरू तुमचं दोघांचं?" दोघं म्हणजे मी आणि ऊन. सतरा वर्षं या घरात राहतेय आणि दर उन्हाळ्यात आमचं असं भांडण जुंपतं. शेजाऱ्यांना आता त्याचं काही वाटत नाही.

पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांना वाटतं, ऊन म्हणजे घाम. आमच्याकडचं ऊन घाम फुटूच देत नाही, त्याच्या आधीच वाळवून टाकतं. ते माणसांना मारतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पेपरात येतं. लाकडाला, कापडाला, फरशीला ते कसं मारतं हे मात्र घर सांभाळणाऱ्या बाईला विचारावं. आधी ते रंग खातं. कॅलेंडरवरच्या लक्ष्मीचा लाल शालू महिन्याभरात जातो आणि मे संपेपर्यंत बिचारी नखशिखांत निळी पडते. मग ते रेक्झिनला धरतं. सोफ्याच्या हाताला आधी बारीक रेघ येते, एक दिवस ती रेघ उलते आणि आतला पिवळा स्पंज बाहेर येतो. प्लास्टिकच्या खुर्च्या वरून धडधाकट दिसतात आणि पाहुणा बसला की फाडकन पाय तुटतो. सनमायकाची कड उचकटते, प्लायवुड वाकतं. आणि भर दुपारी, सगळी वस्ती निपचित पडलेली असताना, लाकूड तडकल्याचा आवाज तुम्ही ऐकलाय कधी? कुणीतरी कुणाचं तरी बोट मोडावं तसा आवाज येतो. मी तो ऐकला की हातातलं काम टाकून धावते.

माझ्याकडेही हत्यारं कमी नाहीत. काचेला काळी फिल्म, बाहेरून हिरवी जाळी, आतून रबरी अस्तराचे जाड पडदे, त्यांच्या कडा चौकटीत खोचायच्या म्हणजे फटीतून रेघसुद्धा येत नाही. चटई दर आठवड्याला हलवायची, नाहीतर तिच्याखालची जमीन गडद आणि बाजूची फिकट पडते आणि चटई उचलली की जमिनीवर चटईचं भूत उरतं. टेबल दर पंधरा दिवसांनी फिरवायचं. लाकडाला जवसाचं तेल, तेही सकाळी नऊच्या आत. घरातल्या कुणी पडदा बोटभर जरी सरकवला तरी मला स्वयंपाकघरात कळतं. हे म्हणतात, "प्लांटमध्ये भट्टीसमोर आठ तास उभा राहतो, पण तिथं कोणी असं अंगावर येत नाही." यांना विनोद करायची सवय आहे. मी मात्र विनोद करत नसते.

समोरच्या खोलीत, त्या खिडकीच्या बरोब्बर समोर माझा दिवाण आहे. तो तिथून हलवता येत नाही, दुसऱ्या कुठल्याच भिंतीला तो मावत नाही. माझ्या आंदणातला दिवाण. आमच्याकडे मुलीला लग्नात भांडी, अलमारी, दिवाण असं सगळं देतात आणि वरात निघायच्या आधी ते मांडवात मांडून ठेवतात, चार लोकांनी पाहावं म्हणून. माझे बाबा सानगडीचे, तळ्याच्या पाण्यावर धान पिकवणारे. माझ्या दिवाणासाठी त्यांनी नाकाडोंगरीकडून सागवान आणलं आणि सुताराला महिनाभर घरी ठेवून घेतलं. रोज सकाळी चहा पिऊन ते त्याच्या उरावर बसायचे. एकदा एक पाय जरासा आखूड निघाला, तर त्यांनी रंधा उचलून सुताराच्या अंगावर फेकला. सुतारानं तो चुकवला, उचलला, फुंकर मारली आणि पुन्हा कामाला लागला. गावात सगळ्यांना बाबांची सवय होती.

पाठवणीच्या वेळी बाबांनी दिवाणाच्या पाठीवर हात फिरवला आणि यांना म्हणाले, "जवाईबापू, लाखेचं पॉलिश हाये. याले ऊन लागू देऊ नका." माझ्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. मी हमसून रडत होते, ती तिथल्या तिथे थांबले, इतका मला राग आला. तरी तो दिवाण मी जिवापाड जपला. बाबांनी मला दुसरं काही दिलेलं मला आठवत नाही. त्या लाकडावर त्यांचा हात जेवढा हळू फिरला, तेवढा हळू तो आमच्यापैकी कुणाच्याच पाठीवरून कधी फिरला नव्हता. म्हणून मी ती पाठ जपली असेन.

बाबा मारायचे. हे असं सरळ लिहायला मला पंचेचाळीस वर्षं लागली. मायला मारायचे, भावाला मारायचे, बैलांना मारायचे. मला जरा कमी, मुलगी म्हणून. हाताला लागेल ते घ्यायचे. बैल हाकायची काठी, कमरेचा पट्टा, एकदा तर पाणी भरलेला पितळेचा तांब्या. मारताना तोंडात एकच वाक्य असायचं, "कितीदा सांगतलं तुले?" एकेका शब्दाला एकेक फटका. माय खाली बसायची, दोन्ही हातांनी डोकं झाकायची, कोपरं बाहेर काढून. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया तिचा सुजलेला हात पाहून विचारायच्या. ती सांगायची, पाय घसरला. आमच्या विहिरीवर मायचा पाय फार घसरायचा.

आठवीत असताना मी एक गोष्ट ठरवली. आयुष्यात काही होवो, मी कुणावर हात उचलणार नाही. पुढे शिक्षिका झाले. बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि माझ्या वर्गात छडी नाही. माझा आवाज मोठा आहे, जीभ तिखट आहे, पोरं मला पाहून मैदानातून पळत येऊन जागेवर बसतात. पण हात मी कधी लावला नाही. शाळेत, घरात, कुणालाच नाही. मी बाबांची मुलगी असले तरी बाबांसारखी झाले नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी ताठ मानेनं जगत होते.

बाबांचं सगळं वाईटच आठवतं असंही नाही. उन्हाळा टोकाला गेला की आमच्या शेताकडचं तळं आटायचं. मधोमध चिखलाचं एक डबकं राहायचं आणि बाकी तळाला अशा भेगा पडायच्या की आमचे पाय त्यात जायचे. त्या डबक्यात मासे तडफडायचे, वर बगळे आणि घारी तुटून पडायच्या आणि खाली आम्ही. बाबा मांडीपर्यंत चिखलात उतरायचे. मरळ मासा सहजासहजी मरत नाही. तो चिखलात दडून राहतो, पकडला तर हातातून सुटतो, टोपलीतून उडी मारतो. बाबा त्याला शेपटीकडून धरायचे आणि दगडावर आपटायचे. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तो गप्प व्हायचा. बाबांच्या तोंडावर, छातीवर रक्त आणि चिखल उडालेला असायचा आणि ते खदाखदा हसत असायचे. "बेबी, पाह्य वं केवढा हाये!" म्हणत मासा माझ्या नाकासमोर धरायचे. मला घरी अजूनही बेबीच म्हणतात. त्या संध्याकाळी मायनं केलेला तिखटजाळ रस्सा आम्ही सगळे मिळून ओरपायचो. त्या दिवशी बाबा कुणाला मारायचे नाहीत. त्यांचा हात दमलेला असायचा.

त्या माणसाला माझ्या घरी आणलं ते चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात. माय जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. सानगडीहून भाऊ मोटरसायकलवर घेऊन आला आणि म्हणाला, "ऑपरेशन भंडाऱ्याले करायचं हाये, तुह्याच्याकडून जवळ पडते." डॉक्टरांनी तारीख दिली जूनच्या मध्यावरची. म्हणजे अख्खा नवतपा बाबा माझ्या घरात. रोहिणी लागल्यावर नऊ दिवस सूर्य जो पेटतो, तो नवतपा. त्या नऊ दिवसांत आमच्याकडे लोक लग्नाचं आमंत्रण आलं तरी नाक मुरडतात. बाबा गाडीवरून उतरले तेव्हा मी पाहतच राहिले. केवढा माणूस होता आणि केवढासा झाला होता. त्यांनी हात पुढे करून भिंत चाचपली आणि भिंत तापलेली, म्हणून झटकन मागे घेतला.

त्यांची व्यवस्था मी समोरच्या खोलीत, त्यांनीच दिलेल्या दिवाणावर केली. त्या खोलीत नुकतंच यांनी हौसेनं लाकडी फ्लोरिंग बसवून घेतलं होतं. नावालाच लाकडी, वर लाकडाचं चित्र आणि आत दाबलेला भुसा. पण दिसायचं झकास. म्हणजे त्या खोलीत आता उन्हापासून जपायच्या दोन गोष्टी झाल्या. मी पडदे दुहेरी केले. ट्यूबलाइट लावून द्यायचे, पण ऐन दुपारी लाइन जायची, कूलर घरघर करत थांबायचा आणि खोलीत मिट्ट काळोख व्हायचा. मोतीबिंदूच्या माणसाला अशा काळोखात काही म्हणता काही दिसत नाही, हे मला कळत होतं. कळत असूनही मी पडदा सरकवत नव्हते.

"बेबी, थोडासा उजेड येऊ दे नं वं. मले माहा हात दिसून नाही राहिला."

"हात पाहून काय करता बाबा? झोपा ना."

"झोपून झोपून पाठ सडली माही."

मी आत गेले की ते चाचपत उठायचे आणि वीतभर पडदा सरकवायचे. त्या वीतभर फटीतून ऊन जे आत घुसायचं ते थेट दिवाणाच्या पाठीवर. मला स्वयंपाकघरात लगेच कळायचं.

"बाबा! पडदा कायले सरकवला?"

"मी कुठं सरकवला? हवेनं सरकला असंन."

"खिडकी बंद हाये. हवा कुठून आली?"

बाबा खाली मान घालून बसायचे. माझ्या वर्गातली पोरं पेन्सिल चोरल्यावर बसतात तसे. मी आणखी पाच मिनिटं बोलायचे. खरं सांगायचं तर मला त्यात मजा येत होती. ज्या माणसासमोर लहानपणी तोंडातून शब्द फुटत नव्हता, त्याला मी झापते आहे आणि तो ऐकून घेतो आहे, याची चव जिभेवर लागली होती. यांनी एकदा हळूच सांगितलं, "म्हातारा माणूस आहे, राहू दे ना थोडा उघडा." मी म्हणाले, "तुम्ही मध्ये पडू नका."

नवतप्याच्या पाचव्या दिवशी मी फारच बोलले. दिवाणाच्या पाठीवर केसाएवढी चीर दिसली होती. मी बाबांचा हात धरून तिच्यावरून फिरवला. "लागली का हाताले? ऊन लागून फाटून राहिला तुमचा दिवाण. तुम्हीच म्हणाले होते जपा म्हणून. यापरता दुसरं दिलंच काय तुम्ही मले?"

बाबा बराच वेळ त्या चिरेवर बोट ठेवून बसले. मग त्यांनी विचारलं, "लय लागते का याले ऊन?"

"लागते नाही तं काय!"

"मंग काही तरी करा लागते," ते म्हणाले. मला वाटलं, ते गप्प बसायला तयार झाले.

सहाव्या दिवशी सकाळी हे ड्युटीवर गेले आणि मी दुसरी हिरवी जाळी आणायला भंडाऱ्याला गेले. दुकानात गर्दी, जाळी कापणाऱ्याची कात्री बोथट, परतीची ऑटो मिळता मिळेना. वरठीला उतरले तेव्हा दोन वाजून गेले होते. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, जाळीची गुंडाळी काखेत मारून चालत निघाले. डांबर चपलेला धरून ठेवत होतं. नळाजवळच्या ओलीसाठी दोन कुत्री एकमेकांच्या नरडीला लागली होती आणि त्यातल्या एकाचा कान लोंबत होता. रस्त्याच्या कडेला एक पारवा पडला होता, चोच उघडी, डोळे उघडे. हवा तोंडावर थपडा मारत होती. माझ्या कानशिलात ठोके पडत होते आणि मनात एकच होतं, घरी जाते, आधी जाळी बांधते, मग पाणी पिते.

दार उघडलं आणि डोळे दिपले. खोली लख्ख उजळलेली. दोन्ही पडदे पार टोकाला सरकवलेले आणि पश्चिमेचं सगळं ऊन आत. मधोमध बाबा उभे, बनियन आणि धोतर चिंब. भावानं पाठवलेल्या तांदळाची रिकामी तागाची पोती दाराआड ठेवलेली होती, ती चारही त्यांनी टाकीच्या पाण्यात भिजवून दिवाणावर पसरली होती. जमिनीवर पाणीच पाणी, आणि उन्हात त्याची वाफ निघत होती.

"आली का बेबी?" बाबांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. तोंडभर हसू. "पाह्य. आता नाही लागत ऊन तुह्या दिवानाले. चारही पोते वले करून टाकले. जमिनीवर दोन बकेटी पानी मारलं. कशी गार झाली पाह्य!"

सानगडीला असंच करतात. माठावर ओलं पोतं, आजारी बैलाच्या पाठीवर ओलं पोतं, शेणानं सारवलेल्या जमिनीवर दुपारी पाण्याचा शिडकावा. ज्या वस्तूला उन्हापासून वाचवायचं, तिला ओलं करायचं, हे बाबांना चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. पडदा त्यांनी उघडला होता तो आपलं काम आपल्याला दिसावं म्हणून. माझ्यासाठी केलेलं काम. हे सगळं मला आज लिहिताना सुचतं आहे. तेव्हा मला फक्त जमीन दिसत होती. फ्लोरिंगच्या पट्ट्यांचे सांधे फुगून वर आले होते, भुसा पाणी प्यायला होता. मी एक पोतं उचललं, आणि त्याखाली लाखेचं पॉलिश ताक सांडल्यासारखं पांढरं पडलं होतं.

ते पोतं माझ्या हातातच होतं. तागाचं ओलं पोतं फार जड असतं. किती वेळा मारलं ते आठवत नाही, असं म्हणायला सोयीचं आहे. तीन वेळा मारलं. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा त्यांनी वर केलेल्या हातांवर, तिसरा पाठीवर, ते खाली बसल्यावर. आणि माझ्या तोंडातून जे शब्द बाहेर पडत होते, ते मीच ऐकत होते. कितीदा. सांगतलं. तुले.

बाबा ओल्या जमिनीवर बसले होते. दोन्ही हातांनी डोकं झाकलेलं, कोपरं बाहेर. त्यांना हे कुणी शिकवलं? तीस वर्षं ते समोरून पाहत आले होते. मी पोतं टाकलं. मग मी काय केलं असेल? मी खिडकीशी गेले आणि पडदे लावले. आधी पडदे लावले, कडा खोचल्या, आणि मग फडकं आणून बाबांच्या भोवतीची जमीन पुसत बसले. त्यांना उठा म्हणाले नाही. ते बसले होते तेवढी जागा सोडून मी सगळी जमीन कोरडी केली.

साडेचारला हे आले. भट्टीची धग अंगात घेऊनच येतात, दारातच थबकले. "काय झालं?"

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "मी पडलो जवाईबापू. बकेट घेऊन येत होतो, पाय घसरला."

बाबांच्या मनगटापासून कोपरापर्यंत तागाच्या विणीचा लाल ठसा उठला होता. यांनी तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. बाबांना धरून उठवलं, कोरडं धोतर दिलं आणि चहा ठेवायला स्वतः आत गेले. सतरा वर्षांत त्या एका दिवशी यांनी विनोद केला नाही.

फ्लोरिंग आम्ही पुढच्या वर्षी काढून टाकलं, आता साधी फरशी आहे. दिवाणावरचे पांढरे डाग तसेच आहेत. सुतार म्हणाला, "ताई, पॉलिशपेपर मारून स्पिरिट पॉलिश चढवतो, दोन तासांत नवा करून देतो." मी नको म्हटलं. का नको ते त्याला सांगता आलं नाही. बाबांचं ऑपरेशन छान झालं. ते सानगडीला भावाकडे असतात, चष्मा लावून पेपर वाचतात, बांधावर हिंडतात. हिवाळ्यात येतात, दोन दिवस राहतात, जेवतात, माझ्या हातच्या भाजीला नावं ठेवतात. उन्हाळ्यात या म्हटलं की म्हणतात, "उन्हाचं कायले?" आणि फोन भावाकडे देतात.

बरेच दिवस मी सगळं उन्हावर ढकललं. नवतपा होता, डोकं तापलं होतं, पाणी प्यायले नव्हते, लू लागली असेल. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात, उन्हानं माणसाचं डोकं फिरतं. बाबाही मायला मारल्यावर असंच म्हणायचे. पण बाबा पावसाळ्यातही मारायचे आणि थंडीतही मारायचे. ऊन घराची वाट लावतं हे खरं आहे, पण त्यानं माझ्या हातात पोतं दिलं नव्हतं. मला लाज वाटते. आठवीतल्या त्या मुलीसमोर उभं राहायची मला लाज वाटते, आणि तिच्या मायसमोर त्याहून जास्त. माय असती तर तिनं माझ्या हातातलं पोतं काढून घेतलं असतं आणि ती बाबांच्या पुढे येऊन बसली असती, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे तिची आठवण काढायचीही चोरी झाली आहे.

काल कड्या अडकवून झाल्या तरी मी स्टुलावरून उतरले नाही. पडद्याचं जाड कापड हातात धरून उभी राहिले. त्या वर्षीच्या नवतप्याचे उरलेले तीन दिवस मला कापडाच्या त्या वासासकट आठवत होते. त्या तीन दिवसांत घरात आवाज नव्हता. मी ओरडत नव्हते आणि बाबा हट्ट करत नव्हते. काहीही करायच्या आधी ते विचारायचे. "बेबी, पानी पिऊ का?" "बेबी, बाहेर जाऊन येऊ का?" "बेबी, इथं बसलं तं चालते का?" लहानपणी अंथरुणात तोंड खुपसून मी कितीदा मागितलं होतं, की एक दिवस हा माणूस मला घाबरू दे. घाबरला होता. माझी पावलं वाजली की त्यांचं बोलणं मध्येच तुटायचं. मला ते बघवत नव्हतं आणि सुधारायचं कसं तेही कळत नव्हतं. माफी मागावी असं दहादा मनात आलं, पण आमच्या घरात ती कुणी कुणाची मागितलेली मी ऐकलेली नव्हती, तिचे शब्दच मला माहीत नव्हते.

शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता, ऊन सगळ्यात माजलेलं असताना, मी समोरच्या खोलीत गेले आणि दोन्ही पडदे टोकापर्यंत सरकवले. ऊन धाडकन आत आलं. फुगलेल्या जमिनीवर पडलं, दिवाणाच्या डागांवर पडलं, दिवाणावर बसलेल्या बाबांच्या गुडघ्यांवर, हातांवर, चेहऱ्यावर पडलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हणाले, "बाबा, आता रोज उघडाच ठेवते. लागू द्या ऊन दिवाणाले. तुम्ही पाहा तुमचे हात."

बाबा दिवाणाची कड धरून उठले आणि भिंत चाचपत खिडकीपर्यंत गेले. भिंत भाजत असणार, तरी या वेळी त्यांनी हात काढला नाही. त्यांनी एक पडदा ओढला, मग दुसरा. मी करते तशाच एकेक करून कडा चौकटीत खोचल्या, बोटांनी वरपासून खालपर्यंत फट तपासली. खोलीत काळोख झाला. मी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते, पण त्यांना दिसत नव्हतं, त्यांनी दाराकडे तोंड केलं, हात कपाळाच्या पुढे अर्धा वर धरला आणि विचारलं, "बरोबर लावला नं बेबी?"

मी हो म्हणाले, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला.